जुना मराठी चित्रपट डिस्कवर आणायचाय? आधी डबा हुंगून पाहा

निपाणी, बेळगाव, खानापूर या पट्ट्यात अजूनही माळ्यावर पत्र्याचे गोल डबे निघतात. बंद पडलेल्या टॉकीजचा मालक, जत्रेतून तंबूतला सिनेमा फिरवणारं कुटुंब, कोल्हापूरच्या एखाद्या चित्रपटात पैसा घातलेल्या व्यापाऱ्याचे वारस, अशा कुणाच्या तरी घरी. डबा दिसला की पहिला विचार येतो, ‘याची डीव्हीडी करून घेऊ’. डीव्हीडी हा जवळजवळ शेवटचा टप्पा आहे.

मोठे स्टुडिओ आपले जुने चित्रपट घरगुती व्हिडिओवर आणतात तेव्हा आधी दोनच गोष्टींचा शोध घेतात. हातात नेमकं कोणतं रीळ आहे, आणि कागदावर नेमका कोणता हक्क आहे. या दोन्हींत घोळ झाला तर पुढे कितीही पैसा ओता, डिस्क वाईटच निघते किंवा निघतच नाही. आपणही त्याच क्रमाने जाऊ.

1. डबा उघडण्याआधी

पावसाळ्यात उघडू नका. जून ते सप्टेंबर इकडच्या हवेत फिल्मवरचं जिलेटिन ओलावा ओढतं, वेढे एकमेकांना चिकटतात आणि बुरशी धरते. मृगाच्या आधी किंवा दिवाळीनंतरचा कोरडा दिवस निवडा. खिडक्या उघड्या ठेवा, आणि विडी, उदबत्ती, गॅसची शेगडी खोलीच्या बाहेर.

आता वास. व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर फिल्म अ‍ॅसिटेटची आहे आणि तिचा पाया विरघळायला लागला आहे. हा रोग थांबत नाही, फक्त मंदावतो, आणि त्याची वाफ शेजारच्या चांगल्या रिळांनाही लागते. असे डबे त्याच दिवशी वेगळे करा. गंजका पत्रा काढून हवा खेळेल अशा प्लॅस्टिकच्या डब्यात रीळ आडवं ठेवा. पुस्तकासारखं उभं ठेवलं तर स्वतःच्या वजनाने त्याचा आकार बिघडतो.

आंबट नसून उग्र, नाकाला झोंबणारा वास, वेढ्यांवर मधासारखा चिकट फेस किंवा तळाशी तपकिरी पूड दिसली, तर हात थांबवा. 1950 च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंतची 35 मिमी फिल्म नायट्रेटची असू शकते. सडलेलं नायट्रेट 40 अंशांच्या आसपास बराच काळ राहिलं तर आपोआप पेटू शकतं, आणि एप्रिलमध्ये पत्र्याखालच्या माळ्यावर तेवढं तापमान सहज होतं. एकदा पेटलं की ते स्वतःच प्राणवायू सोडतं, त्यामुळे पाण्याने विझत नाही. पुण्यातला नायट्रेटचा साठा जानेवारी 2003 मध्ये जळाला तेव्हा मराठी चित्रपटाचा मोठा ठेवा गेला. असे डबे कुरियरने, बसने, गाडीच्या डिकीतून पाठवायचे नाहीत. थंड, मोकळ्या जागी एकेक वेगळा ठेवून पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाशी (2022 पासून ते एनएफडीसीचा, म्हणजे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाचा भाग आहे) आधी बोलायचं.

फिल्मच्या काठावर इंग्रजीत ‘सेफ्टी’ (म्हणजे सहज न पेटणारी फिल्म) छापलं असलं म्हणजे निश्चिंत, असं नव्हे. प्रिंट काढताना निगेटिव्हच्या काठावरचा शब्द प्रिंटवरही उमटतो. म्हणून वास, चित्रपटाचं वर्ष आणि काठ तिन्ही मिळून ठरवा. 16 मिमी फिल्म असेल तर नायट्रेटची भीती सोडा.

आणि काहीही झालं तरी ‘एकदा चालवून बघू’ म्हणून प्रोजेक्टरवर चढवू नका. सुकलेली फिल्म दात्यांवर फाटते. ओल्या फडक्यानेही पुसू नका, बुरशी लागलेलं जिलेटिन पाण्याने चित्रासकट निघून येतं.

2. हातात काय आहे ते ओळखा

रिवाइंडरवर हाताने, सावकाश, कडा धरून पाहा. काळ्याचं पांढरं दिसतंय तर निगेटिव्ह. नीट चित्र दिसतंय आणि एका बाजूने नागमोडी पांढरी रेघ धावतेय तर ती आवाजासकट प्रिंट. चित्र नाही, फक्त रेघ, तर साउंड निगेटिव्ह. ते ‘रिकामं रीळ’ म्हणून फेकून दिल्याने किती चित्रपट मुके झाले याची गणती नाही.

निगेटिव्ह मूळ कॅमेऱ्याचं की ड्यूप (म्हणजे नंतर काढलेली नक्कल), हे जोडांवरून कळतं. मूळ निगेटिव्हला दर शॉटला जोड असतो, कारण संकलकाच्या कापणीनुसार ते तसंच चिकटवलेलं असतं. ड्यूप निगेटिव्ह सलग असतं. प्रिंटला जोड असतात ते फक्त जिथे ती तुटली तिथे. स्टुडिओ नेहमी मूळ निगेटिव्हपासून सुरुवात करतात आणि जिथे ते खराब आहे तेवढाच तुकडा ड्यूप किंवा प्रिंटमधून घेतात. प्रतीवरून प्रत काढताना दर पिढीला बारकावा जातो आणि काळा-पांढरा फरक कडक होतो. थिएटरमध्ये फिरलेल्या प्रिंटवरून केलेल्या डिस्कमध्ये नायिकेच्या काळ्या साडीच्या चुण्या दिसत नाहीत त्या यामुळे.

मग मोजणी. 35 मिमी फिल्मच्या एका फुटात 16 फ्रेम, सेकंदाला 24 फ्रेम, म्हणजे मिनिटाला 90 फूट. हजार फुटांचं रीळ सुमारे 11 मिनिटं चालतं. सेन्सॉर सर्टिफिकेटवर लांबी मीटरमध्ये असते, मिनिटाला 27.36 मीटर धरा. सर्टिफिकेट 3900 मीटर म्हणतंय, तर चित्रपट 142 मिनिटांच्या पुढे हवा. तुमच्याकडची रिळं 125 मिनिटांचीच भरली, तर 17 मिनिटं कुठेतरी गेली आहेत. बहुतेकदा ती रिळांच्या सुरुवातीला आणि शेवटाला जातात, कारण तिथे प्रिंट सर्वांत जास्त झिजते. नाहीतर गाणी गायब असतात: ऑपरेटरने खेळ लवकर संपवायला कापलेली, किंवा कुणाला आवडली म्हणून ठेवून घेतलेली.

आकसलेपणा घरीच तपासता येतो. प्रिंटची सलग शंभर छिद्रं मोजा, नव्या फिल्मवर ती 475 मिमी भरतात. साधारण 470 किंवा कमी भरली तर एक टक्क्याहून जास्त आकसली आहे. अशी फिल्म दात्यांच्या यंत्रात घालायची नाही, दात्यांविना रोलरवर चालणारा स्कॅनर लागेल.

प्रत्येक डब्याचं एक टिपण करा: क्रमांक, प्रकार, फूट, जोड किती, पहिल्या आणि शेवटच्या शॉटमध्ये काय आहे, कोणतं गाणं. मोबाइलवर फोटो काढा. हे टिपण पुढे लॅब, वकील आणि कंपनी तिघेही मागतात.

मूळ निगेटिव्ह तुमच्याकडे नसेल तर श्रेयनामावली वाचा. ‘प्रक्रिया’ म्हणून ज्या लॅबचं नाव आहे, ताडदेवचं फिल्म सेंटर किंवा महालक्ष्मीचं फेमस यांसारखं, निगेटिव्ह तिथेच ठेवलेलं असायचं. लॅबचं बिल थकलं की ते अडकून पडायचं, म्हणून जुनी बिलं आणि पावत्या जपा. डिजिटल आल्यावर लॅबा बंद पडल्या तेव्हा त्यांच्याकडचा साठा इकडेतिकडे गेला. पुण्याच्या संग्रहालयाकडेही त्याच नावाची चौकशी करा.

3. कागद

इथे लोक सर्वांत जास्त फसतात. रिळं घरात आहेत याचा अर्थ चित्रपट तुमचा, असं नाही. फिरत्या सिनेमावाल्याकडची प्रिंट ही वितरकाने दाखवायला दिलेली वस्तू होती, तिच्याबरोबर हक्क आले नाहीत.

धंद्यात देशाचे भाग पाडलेले असत. जुन्या मुंबई इलाख्यातला हा पट्टा राज्यपुनर्रचनेनंतरही ‘बॉम्बे सर्किट’मध्येच धरला जाई, ‘म्हैसूर सर्किट’मध्ये नव्हे. त्यामुळे इथल्या वितरकाचा करार बहुधा मुंबई किंवा कोल्हापूरच्या निर्मात्याशी, ठरावीक वर्षांसाठी आणि फक्त थिएटरसाठी झालेला सापडेल. त्यात व्हिडिओ हा शब्दच नसेल, तर व्हिडिओचे हक्क वितरकाकडे गेले असं धरून चालू नका. उलट निर्मात्याने पुढे ‘निगेटिव्ह राइट्स’ कायमचे विकले असतील, तर त्याच्या नातवाच्या सहीला काही किंमत नाही. म्हणून साखळी शोधायची: निर्मितीसंस्था, तिचे सगळे भागीदार, त्यांचे वारस, त्यांनी केलेल्या विक्री. एका भागीदाराची सही राहिली तर कंपनी करार करत नाही.

आपल्याकडच्या दोन अडचणी महाराष्ट्रातल्या वारसांना येत नाहीत. नाडकचेरीतून (कर्नाटकातल्या महसूल कार्यालयातून) मिळणारा वंशवृक्ष कन्नडमध्ये असतो. मुंबईची कंपनी त्याचं इंग्रजी किंवा मराठी भाषांतर नोटरीसह मागते, ते आधीच करून ठेवा. दुसरं, कर्नाटकच्या स्टॅम्पवर बेळगावात सही केलेला करार महाराष्ट्रात वापरताना मुद्रांक शुल्कातला फरक भरावा लागू शकतो. सही कुठे करायची हे वकिलाला आधी विचारा, नंतर नव्हे.

मुदतीचा हिशेब असा. चित्रपटाचा हक्क प्रदर्शनाच्या पुढल्या वर्षापासून 60 वर्षं. ‘सांगत्ये ऐका’ 1959 चा, म्हणजे चित्रपट म्हणून हक्क 31 डिसेंबर 2019 ला संपला. पण गीताचा हक्क गीतकाराच्या निधनानंतर 60 वर्षं चालतो. गदिमा डिसेंबर 1977 मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या शब्दांची मुदत 2037 अखेरपर्यंत आहे. कथा, पटकथा, संगीत यांचंही तसंच. ‘जुना आहे, कुणाचा नाही’ हे वाक्य म्हणून वकिलासमोर बोलू नये. गाण्यांच्या ध्वनिमुद्रिकेचा हक्क बहुधा रेकॉर्ड कंपनीकडे असतो. त्यामुळे संपूर्ण चित्रपट डिस्कवर चालतो, पण त्यातलंच गाणं सुटं करून यूट्यूबवर टाकलं की दावा येतो.

हल्लीच्या करारात मुदत आणि प्रदेश लिहून घ्याच. मुदत लिहिली नाही तर कायदा पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नाही तर भारत. डिस्क, टीव्ही, ओटीटी हे तीन हक्क तीन वेगळ्या ओळींत, तीन वेगळ्या रकमांसह हवेत. ‘सर्व माध्यमे, कायमस्वरूपी’ या तीन शब्दांत चित्रपट हातचा जातो.

4. स्कॅन

रिळं स्वतः घेऊन जा. हजार फुटांचं एक रीळ अडीच किलोच्या आसपास, चौदा रिळं म्हणजे पस्तीस किलो. एसी गाडीत, सीटवर, उन्हाच्या आधी निपाणीच्या पुढे निघालेलं बरं. पोचल्यावर डबे लगेच उघडू देऊ नका. खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर थंड फिल्मवर दव धरतं.

मूळ निगेटिव्ह असेल तर 4के (रुंदीत सुमारे चार हजार ठिपक्यांचा स्कॅन), झिजलेली प्रिंट असेल तर 2के (सुमारे दोन हजार) पुरे. प्रिंटमध्ये तेवढा बारकावाच उरलेला नसतो, 4केचे पैसे फक्त ओरखडे मोठे करून दाखवतात. पायाच्या बाजूचे ओरखडे (पडद्यावर ‘पाऊस पडतो’ म्हणतात ते) ओल्या गेटमध्ये (स्कॅनरचा जो भाग फिल्म द्रवातून नेतो त्यात) बरेच भरून निघतात: तिथला द्रव प्रकाश फिल्मसारखाच वाकवतो, म्हणून रेघ दिसत नाही. चित्राच्या बाजूची खोल रेघ मात्र अशी जात नाही. सोय आहे का, विचारा.

स्कॅन कॉम्प्रेस न केलेल्या फ्रेम-फ्रेम फाइल्समध्ये मागा. 4केची एक फ्रेम सुमारे 51 एमबी, अडीच तासांच्या 2,16,000 फ्रेम म्हणजे 11 टीबी. हा ढीग हार्डडिस्कवर ठेवू नका. एलटीओ-8 टेपवर 12 टीबी मावतात, अशा दोन टेप, दोन गावांत. फक्त एमपी4 हातात देणाऱ्याकडे काम देऊ नका. पुढची दुरुस्ती त्यावर होत नाही.

5. सफाई, आणि ती कुठे थांबवायची

क्रम असा: हलणारं चित्र स्थिर करणं, लुकलुक घालवणं, धूळ, ओरखडे, शेवटी हाताने. धूळ काढणारं सॉफ्टवेअर एका तत्त्वावर चालतं. एकाच फ्रेममध्ये दिसून पुढच्या फ्रेममध्ये नाहीसा होणारा ठिपका म्हणजे कचरा. पण लेझमीच्या चकत्या, नथीच्या मोत्यावरची चमक, गुलालाची उधळण, जात्यातून पडणारं पीठ हेही तसंच वागतं. आमच्या तमाशापटांत हे सगळं ठासून भरलेलं. अशा दृश्यांत स्वयंचलित सफाई बंद ठेवून हाताने करायला सांगा, आणि आधी-नंतरचे दोन शॉट शेजारी ठेवून बघा.

दुसरी चूक म्हणजे ग्रेन पुसणं. फिल्मचा रवा गेला की चेहरे मेणाचे होतात. चांगले स्टुडिओ रवा ठेवतात, स्वस्तातले घालवतात आणि मग ‘एचडी’ लिहितात.

रंगीत प्रिंट गुलाबी-लाल पडली असेल, तर निळा-हिरवा थर विरला आहे. स्कॅनरवर काही परत येतो, सगळा नाही. कृष्णधवल चांदीचा असल्याने रंगीतपेक्षा टिकतो, ही त्यातल्या त्यात चांगली बातमी.

मोठ्या नुकसानीतूनही माणसं चित्रपट काढतात. सत्यजित राय यांच्या अपू त्रयीच्या निगेटिव्ह 1993 मध्ये लंडनच्या लॅबच्या आगीत होरपळल्या. ती फिल्म पुन्हा लवचीक करून, वाचलेले तुकडे जुळवून आणि उरलेलं दुसऱ्या प्रतींमधून घेऊन 2015 मध्ये तिन्ही चित्रपट नव्याने आले. तेव्हा लॅबवाल्याने ‘जळकं आहे, टाकून द्या’ म्हटलं तरी टाकू नका.

6. आवाज

साउंड निगेटिव्ह असेल तर तेच वापरा, 48 किलोहर्ट्झ, 24 बिटवर. खरखर अगदी शून्यावर आणली की ‘स’ आणि ‘श’ बोथट होतात, ढोलकीची थाप डब्यावर मारल्यासारखी लागते. मोनो मोनोच राहू द्या. बनावट पाच चॅनेल करून ऐकणाऱ्याला फक्त घुमाटा मिळतो. प्रिंटवर आवाज चित्रापेक्षा सुमारे 20 फ्रेम पुढे छापलेला असतो, म्हणून जिथे तुटली तिथे चित्र एका जागी उडतं आणि शब्द दुसऱ्या जागी. जोडणारा माणूस हे जाणणारा हवा.

7. डिस्क

जुना चित्रपट जवळजवळ चौकोनी, 1.37:1. आजच्या रुंद टीव्हीत तो भरण्यासाठी वरून-खालून कापतात आणि जवळपास 23 टक्के चित्र जातं. लावणीत याचा अर्थ घुंगरू कापले. बाजूला काळ्या पट्ट्या ठेवा आणि मागच्या कव्हरवर ते लिहा, नाहीतर गिऱ्हाईक ‘चित्र छोटं आहे’ म्हणून परत आणतं.

आपल्याकडची डीव्हीडी ‘पाल’ (पीएएल) या टीव्ही-पद्धतीची, सेकंदाला 25 फ्रेम. 24 ची फिल्म तशीच चढवली की 150 मिनिटांचा चित्रपट 144 मिनिटांत संपतो आणि सूर अर्ध्या स्वराच्या जवळजवळ पाऊणपट वर सरकतो: पांढरी एक जवळजवळ काळी एक होते. पेटी घेऊन बसणाऱ्याला ते लगेच कळतं. सूर दुरुस्त करून घ्या, किंवा ब्ल्यू-रे काढा, तिथे 24 फ्रेम तशाच चालतात.

जागेचा हिशेब: एका थराच्या 4.7 जीबी डिस्कवर 150 मिनिटांना सेकंदाला सुमारे 4.2 मेगाबिट मिळतात, दोन थरांच्या 8.5 जीबीवर साडेसात. ‘एका डिस्कवर तीन चित्रपट’ घेतलात तर वाट्याला अडीच येतात. मग अंधारातल्या दृश्यात चौकोन चौकोन दिसतात. 2007 मध्ये मोझर बेअर या डिस्क कंपनीने व्हीसीडी 28 आणि डीव्हीडी 34 रुपयांना आणली आणि किमती कोसळल्या. स्वस्तात विकायचं तर टीव्हीसाठी काढलेल्या जुन्या टेपवरूनच डिस्क भरायची, ही सवय तेव्हा पक्की झाली. आज घरोघरी असलेल्या वाईट प्रती बऱ्याच त्याच काळातल्या.

सबटायटलवर कंजूषपणा करू नका. डीव्हीडीवर 32 पट्ट्या मावतात आणि त्या चित्ररूप असल्याने कन्नड-देवनागरी फाँटची अडचण येत नाही. आपल्या भागात कन्नड सबटायटल म्हणजे शेजारचं निम्मं गिऱ्हाईक. कोल्हापुरी बोलीचं भाषांतर मात्र दोन्ही भाषा घरात बोलणाऱ्यानेच करावं.

रीजन कोड (डिस्क ठरावीक देशांतच चालू देणारं कुलूप) घालू नका. भारत डीव्हीडीत रीजन 5 आणि ब्ल्यू-रेत सी, पण तुमचा प्रेक्षक दुबईतही आहे. हजाराच्या घरात प्रती खपणार नसतील तर कारखान्याच्या छापाऐवजी मागणीनुसार बर्न केलेली डिस्क परवडते. वॉर्नर या हॉलीवूडच्या स्टुडिओने 2009 पासून कमी खपाचे जुने चित्रपट असेच विकले. खालची बाजू जांभळट असली की बर्न केलेली, चंदेरी असली की छापाची. बर्न केलेली उन्हात ठेवली तर काही वर्षांत अडखळते, हे पावतीवरच छापा.

8. सर्टिफिकेट, कव्हर आणि वेळ

डिस्कवर आणि कव्हरवर कायद्याने तीन गोष्टी लागतात: सेन्सॉर सर्टिफिकेटची प्रत, व्हिडिओ काढणाऱ्याचं नाव-पत्ता व परवानगी घेतल्याचं निवेदन, आणि हक्कधारकाचं नाव-पत्ता. जुन्या सर्टिफिकेटवर त्रिकोण असेल तर चित्रपटात काटछाट झाली आहे. रीळ सापडलं म्हणून कापलेला तुकडा परत घालायचा असेल तर पुन्हा सेन्सॉरकडे जावं लागतं.

वेळेबाबत डिस्नेचं जुनं गणित प्रसिद्ध आहे: जुना चित्रपट काही काळ विकायचा, मग बंद करायचा, आणि काही वर्षांनी नवं पोरंटोरं तयार झालं की पुन्हा आणायचा. आपल्याला ते परवडत नाही, पण गणपती, दिवाळी किंवा चित्रपटाचं पन्नासावं वर्ष धरायला हरकत नाही.

छापायला पाठवण्याआधी तपासणीची एक प्रत घरातल्या सर्वांत स्वस्त प्लेअरवर, जुन्या टीव्हीवर, सुरुवातीपासून शेवटपर्यंत बसून पाहा. दुसऱ्या थरावर जाताना चित्र क्षणभर थांबतं, ते गाण्याच्या मध्ये आलं असेल तर परत पाठवा आणि दृश्य बदलतं तिथे सरकवायला सांगा.